अवघडलेल्या जोडप्याला पोझ नको, काम द्या

‘रिलॅक्स व्हा’, ‘नॅचरल वागा’, ‘जरा हसा की’. कपल शूटवर सगळ्यात जास्त ऐकू येणारी ही तीन वाक्यं, आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारीही हीच. ऐकणाऱ्याला यातून करण्याजोगं काही मिळतच नाही. कळतं ते एवढंच, की आपण अवघडलेले दिसतोय आणि ते फोटोग्राफरच्या लक्षात आलंय. मग माणूस स्वतःवरच पहारा द्यायला लागतो: ओठ जास्त ताणले का, हात कुठे ठेवू, पोट दिसतंय का. असा पहारा चालू असताना लेन्स कितीही भारी असो, फोटोत पहाराच येतो.

लाज घालवायच्या फंदात पडू नये, ती तासाभरात जात नसते. लाजऱ्या माणसाचं लक्ष मात्र मिनिटभरात हलवता येतं. त्याच्या हाताला, पायाला, कानाला काहीतरी खरंखुरं काम दिलं की स्वतःच्या चेहऱ्याचा विचार करायला त्याला सवड राहत नाही. जागा कुठली, लेन्स कुठली, सुरुवात किती वाजता, कुठल्या क्षणी काय बोलायचं, हे सगळं या एका सोयीनं ठरवायचं.

बहुतेकांना धास्ती कॅमेऱ्याची नसते, नंतर बघाव्या लागणाऱ्या फोटोची असते. तिला कारणंही असतात. आपण स्वतःला रोज आरशात पाहतो, म्हणजे डावं-उजवं उलटलेलं. फोटोत ते सुलट होतं आणि चेहरा ओळखीचा असूनही काहीतरी चुकल्यासारखा वाटतो. मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी १९७७ साली हेच तपासलं होतं: स्वतःला आरशातली प्रतिमा जास्त पसंत पडली आणि जवळच्या माणसांना सुलट, फोटोतली. दुसरं कारण सेल्फीचं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती मॉडेलनुसार ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद भासतं. दीड मीटरवरून काढला तर हा फरक जवळजवळ उरत नाही. ‘मी फोटोत चांगली येत नाही’ म्हणणाऱ्या व्यक्तीचा पुरावा बहुतेक वेळा हातभर अंतरावरच्या सेल्फींचा असतो. या दोन गोष्टी शूटच्या आधी साध्या भाषेत सांगितल्या तर त्या कौतुकापेक्षा जास्त उपयोगी पडतात. कौतुकावर लाजरी माणसं विश्वास ठेवत नाहीत, कारणावर ठेवतात.

आधीचं बोलणं

शूटच्या चार-आठ दिवस आधी पंधरा-वीस मिनिटं बोलून घ्यावं. व्हिडिओ कॉल चालेल, पण दोघांशी बोलायचं. बुकिंग करणारा सहसा हौशी असतो आणि ‘ती थोडी लाजते, पण होईल ॲडजस्ट’ असं म्हणून विषय मिटवतो. लाजणाऱ्या माणसाचं म्हणणं त्याच्याच तोंडून यायला हवं.

विचारायचं ते नेमकं विचारा. आधीचा कुठला फोटो अजिबात आवडला नाही आणि त्यातलं काय आवडलं नाही? उत्तर बहुधा ठोस येतं: दात, हनुवटी, हसताना एक डोळा बारीक होतो, चष्म्यावर चमक येते. यातल्या प्रत्येकावर काही ना काही तांत्रिक उपाय असतो, आणि तो आहे हे ऐकूनच अर्धी काळजी कमी होते. चारचौघांत हात धरलेला चालतो का, मिठी चालते का, त्यापुढचं नकोच का? हे फोटो कोण कोण बघणार, घरचे की फक्त दोघं? आणि एक प्रश्न जो पुष्कळ फोटोग्राफर विचारायचाच विसरतात: आम्ही हे फोटो कुठे टाकलेले चालतील का? लाजणाऱ्या कित्येकांची खरी भीती ही असते आणि ते ती बोलून दाखवत नाहीत. ‘तुम्ही लेखी होकार दिल्याशिवाय एकही फोटो इन्स्टाग्रामवर जाणार नाही’ हे आपणहून सांगा आणि करारातही लिहा. पोर्टफोलिओला दोन फोटो कमी मिळतील, पण शूट चांगलं होईल.

कपड्यांबद्दल एवढंच सांगावं, की काहीही त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. नवे बूट चावतात, नवा ड्रेस सारखा ओढावा लागतो, आणि सतत कपडा सावरणारा माणूस मोकळा होऊ शकत नाही. खिसे असलेला कपडा असेल तर उत्तम, हातांना घर मिळतं. चष्मा रोजचा असेल तर काढायला लावू नका. चष्म्याशिवाय नजर हरवलेली दिसते आणि नाकावर खुणाही राहतात. चमक टाळायला काड्या कानावर काही मिलिमीटर वर उचलल्या की काचा खाली झुकतात आणि बहुतेक चमक जाते. पोट रिकामं ठेवून येऊ नका, हेही सांगायचं. भुकेला माणूस अर्ध्या तासात चिडचिडा होतो.

वेळ आणि जागा

लाजऱ्या जोडप्याचं शूट साठ ते पंचाहत्तर मिनिटांचं असावं. पहिली वीस मिनिटं अंग मोकळं व्हायला जातात, मग चाळीसेक मिनिटं खरी चांगली, त्यापुढे थकवा दिसायला लागतो. दोन-तीन तासांचं पॅकेज या लोकांना विकणं म्हणजे त्यांना शिक्षा आहे. संध्याकाळचं शूट असेल तर सूर्यास्ताच्या सव्वा तास आधी सुरू करा. पहिल्या वीस मिनिटांतला उजेड थोडा कडक असतो, पण त्या वेळचे फोटो तसेही गाळलेच जाणार असतात. उजेड मऊ होतो तोवर जोडपंही रुळलेलं असतं. उलट अनेक जण ‘गोल्डन अवर (सूर्यास्ताआधीचा सोनेरी उजेड) वाया नको’ म्हणून सूर्यास्ताआधी अर्धा तास बोलावतात, आणि सगळ्यात सुंदर उजेडात सगळ्यात ताठ फोटो घेऊन परततात.

जागा निवडताना पार्श्वभूमीच्या आधी माणसांची वर्दळ बघा. प्रसिद्ध ठिकाण गर्दीच्या वेळी लाजऱ्या माणसाला सोसत नाही. ४० ते ५० मीटरची सरळ वाट, बसायला एखादी पायरी किंवा कट्टा, आणि टेकायला एक भिंत एवढं पुरतं. त्यांच्या पायाखालची, रोजच्या फेरफटक्याची जागा मिळाली तर सर्वांत छान. घरातलं शूटही उत्तम होतं: खिडकीपासून दीड-दोन मीटरच्या आत राहायचं, घरातले दिवे बंद करायचे आणि जोडप्याला त्यांच्या नेहमीच्या कामाला लावायचं.

बघे असतीलच, तर जोडप्याचा चेहरा रिकाम्या बाजूला ठेवा. आपल्याला कोण बघतंय हे दिसलं नाही की अर्धी लाज तिथेच निवते. बघे मागे फ्रेममध्ये येत असतील तर लांबची लेन्स मोठ्या ॲपर्चरवर, म्हणजे लेन्सचं छिद्र जास्त उघडं ठेवून लावून त्यांना धूसर करता येतं. मदतनीस असेल तर त्याला रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परतवणारा फलक, धरून वर्दळीच्या बाजूला उभं करा, आयता आडोसा होतो. रिफ्लेक्टरची चांदीची बाजू मात्र डोळ्यांवर मारू नका, पांढरी वापरा. चांदीनं डोळे बारीक होतात आणि कपाळाला आठ्या पडतात, त्या तणावासारख्याच दिसतात.

किती लांबून

ही खरी मेख आहे. ३५ मिमीच्या लेन्सनं उभ्या फ्रेममध्ये दोघांना पायांपासून डोक्यापर्यंत घ्यायचं तर फुल-फ्रेम (म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर आपण साधारण दोन मीटरवर उभे असतो. ५० मिमीवर तीन, ८५ मिमीवर पाच, १३५ मिमीवर आठ मीटरच्या आसपास. दोन मीटरवर काळा डबा डोळ्यांसमोर धरून उभा असलेला माणूस विसरता येत नाही. आठ मीटरवर तो विसरता येतो, पण मग प्रत्येक सूचना ओरडून द्यावी लागते आणि सगळ्या परिसराला कळतं की यांना आता मिठी मारायला सांगितलंय. म्हणून ८५ मिमी आणि पाच मीटर हा सुरुवातीसाठी योग्य मध्य आहे: साध्या आवाजातलं बोलणं पोचतं आणि लेन्स अंगावर येत नाही. ३५ मिमी शेवटच्या वीस मिनिटांसाठी ठेवा. तोपर्यंत त्यांना तुमची सवय झालेली असते, आणि जवळून टिपलेल्या हसण्यात जी ऊब असते ती लांबून येत नाही.

कॅमेऱ्याचे सगळे आवाज आणि दिवे आधीच बंद करा: फोकसची बीप, ऑटोफोकसला मदत करणारा नारिंगी दिवा, फ्लॅश. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर उघड्यावर बिनधास्त वापरा. घरात किंवा दिव्याखाली मात्र तपासून घ्या, कारण इलेक्ट्रॉनिक शटरमुळे एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात. शटरचा वेग चालताना १/५०० सेकंद, गिरकी किंवा धावणं असेल तर १/१०००, शांत उभे असतील तर १/२५० पुरे. बर्स्ट, म्हणजे सलग फोटो, ठेवायचा तर सेकंदाला तीन ते पाच. शटरचा आवाज येत असेल तर वीसच्या वेगाचा तडतडाट लाजऱ्या माणसाला पुन्हा जागा करतो.

ॲपर्चरबद्दल एक सावधगिरी. कपल शूटमध्ये दोन चेहरे क्वचितच एका रेषेत असतात. ८५ मिमीनं अडीच मीटरवरून एफ/१.८ वर (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) जेमतेम ९ सेंटीमीटर पट्टा स्पष्ट येतो. एकीचं कपाळ दुसऱ्याच्या कानाशी टेकलं तरी डोळ्यांमधलं अंतर याहून जास्त होतं, आणि लाजणाऱ्याचा नेमका एकमेव मोकळा क्षण फोकसबाहेर जातो. एफ/४ वर हाच पट्टा सुमारे २१ सेंटीमीटर होतो. तो क्षण पुन्हा मागता येत नाही, त्यामुळे पार्श्वभूमी थोडी कमी धूसर झाली तर होऊ द्या.

पहिली पंधरा मिनिटं

भेटल्या भेटल्या कॅमेरा डोळ्याला लावू नका. गळ्यात राहू द्या, त्यांना तो दिसू द्या, आणि पाच मिनिटं जागेवरून एक चक्कर मारा: इथे बसणार, तिथून चालत येणार, शेवटी त्या भिंतीपाशी. काय होणार आहे हे कळलेला माणूस कमी घाबरतो. याच वेळी काही गोष्टी स्पष्ट सांगून टाका. पहिले बरेचसे फोटो गाळायचेच आहेत. काही चुकीचं वाटलं तर मी सांगेन. मी काही बोललो नाही तर सगळं ठीक आहे असं समजा. आणि नको वाटेल ते करायचं नाही, कारण न देता ‘हे नको’ म्हणायचं.

‘फक्त लाइट चेक करतोय, फोटो काढत नाहीये’ असं सांगून चोरून फोटो काढण्याची एक युक्ती बरेच जण शिकवतात. ती टाळावी. एकदा लक्षात आलं की पुढचा तासभर त्यांना तुमच्या हातातल्या कॅमेऱ्याचा भरवसा वाटत नाही.

चढण हळूहळू हवी. सुरुवातीचे फोटो चेहऱ्याशिवायचे: पाठमोरं चालणं, गुंफलेली बोटं, खांद्यावर टेकलेलं डोकं मागून. मग बाजूनं, मग एकमेकांकडे बघताना. कॅमेऱ्याकडे बघणं सगळ्यात शेवटी, तेही पाच-पाच सेकंदांच्या हप्त्यानं: ‘एकमेकांकडे बघा, मी “इकडे” म्हटलं की बघा, पुन्हा एकमेकांकडे.’ नजर वळल्यानंतरची दोन-तीन सेकंदं चेहरा ताजा असतो, त्यानंतर हसू गोठतं. तेवढ्यात तीन क्लिक होतात. घरच्यांना हवा असलेला ‘दोघं नीट कॅमेऱ्याकडे बघतायत’ असा फोटो याच हप्त्यांतून काढायचा असतो, अर्धा मिनिट उभं करून नाही.

आणि बोलत राहा. फोटोग्राफर स्क्रीनकडे बघून गप्प झाला, त्यातून कपाळाला आठी पडली, की समोरच्यांना एकच अर्थ कळतो: आपण वाईट दिसतोय. तुम्ही तेव्हा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघत असता. मग तसं म्हणा: ‘उजेड बदललाय, दहा सेकंद द्या, तुमचं छान चाललंय.’

काम कसं द्यायचं

चांगल्या सूचनेला सुरुवात, हालचाल आणि शेवट असतो. उदाहरणार्थ, चालणं. ‘जरा चालून या’ म्हटलं तर दोघं कवायत करत येतात, नजर जमिनीवर. त्याऐवजी: ‘त्या झाडापासून माझ्यापर्यंत या. नेहमीच्या निम्म्या वेगानं. हात धरा, पण घट्ट नको. अर्ध्या वाटेवर तुम्ही यांना खांद्यानं हलकेच ढकला. मग यांच्या कानात सांगा, हे शूट संपल्यावर पहिलं काय करायचंय. माझ्याकडे बघायचं नाही, माझ्या बाजूनं निघून जायचं.’ इथे पायांना वेग सांभाळायचाय, खांद्याला धक्का द्यायचाय, डोक्याला उत्तर शोधायचंय. चेहऱ्याला काहीच काम नाही, म्हणून तो मोकळा सुटतो. उत्तर काहीही असो, बहुधा ‘हे बूट काढायचेत’ असं असतं, आणि ते ऐकून समोरचा हसतो ते हसणं खरं असतं. ओठांचे कोपरे हुकमावर वर जातात, डोळ्यांभोवतीचा स्नायू हुकमावर हलवणं अवघड, हे निरीक्षण द्युशेन या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ साली मांडलं होतं. ‘हसा’ म्हणून जे मिळत नाही ते हे डोळे.

धक्क्याच्या एक सेकंद आधी शटर दाबून ठेवा आणि हसू ओसरेपर्यंत सोडू नका. बहुतेक वेळा हशाचा कळस कामाचा नसतो, तोंडं वेडीवाकडी असतात. त्यानंतरचे दोन सेकंद, दोघं एकमेकांकडे बघत शांत होतात, ते हवे असतात. तीच फेरी तीन वेळा करून घ्या. पहिली अवघडलेली, दुसरी चांगली, तिसरीत ते स्वतःच काहीतरी भर घालतात. चौथ्यांदा सांगाल तर नाटक होईल.

शांत स्वभावाच्या जोडप्यांना ही थट्टामस्करी झेपत नाही. सगळ्यांना पळायला, गिरक्या घ्यायला लावणारे फोटोग्राफर इथे फसतात; अंतर्मुख माणूस त्यामुळे आणखी आक्रसतो. त्यांना हाताचं बारीक काम द्या. तिनं त्याची बाही दोन घड्या वर दुमडायची. त्यानं तिच्या घड्याळाचा पट्टा काढून पुन्हा लावायचा, तोही एका हातानं. दुमडणारीचे डोळे कामावर असतात, दुसऱ्याचे तिच्यावर, आणि तो बघतोय हे त्याच्या ध्यानातही नसतं. किंवा कपाळाला कपाळ टेकवून डोळे मिटायला सांगा, चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, असं तीनदा. श्वास सोडताना खांदे खाली येतात. फोटो तिसऱ्या श्वासाच्या शेवटी घ्यायचा, सुरुवातीला नाही.

गाणं लावायचं असेल तर त्यांच्या आवडीचं, छोट्या स्पीकरवर. गर्दीत असाल तर एकाच इअरफोनचं एकेक टोक दोघांच्या कानात, कॅमेऱ्यापासून लांबच्या बाजूच्या, म्हणजे कॅमेऱ्याला वायर दिसत नाही. बाहेरचा गलबला कमी ऐकू येतो हा त्याचा खरा फायदा.

हात, पाय, मधली फट

अवघडलेपण आधी हातात दिसतं. मूठ आवळलेली असेल तर चेहरा कितीही हसरा असो, बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. ‘पकड निम्मी करा’ हे वाक्य ‘हात सैल सोडा’पेक्षा चांगलं चालतं. रिकामा हात खिशात, अंगठा बाहेर. किंवा जोडीदाराच्या दंडावर. किंवा स्वतःच्याच दुसऱ्या मनगटावर. दोन्ही हात खाली लोंबकळत ठेवू नका, त्या हातांचं काय करायचं हेच लाजऱ्या माणसाला सुचत नसतं.

लाजरी जोडपी डोकी जवळ आणतात आणि कमरेत वीतभर अंतर ठेवतात. फोटोत दोघं एकमेकांवर पडल्यासारखे दिसतात. ‘अजून जवळ या’ म्हटलं की डोकीच आणखी जवळ येतात. म्हणून पायांपासून सुरुवात करा: ‘तुमचा पुढचा पाय यांच्या दोन पायांच्या मध्ये ठेवा.’ पाय जवळ आले की कंबर येते, कंबर आली की बाकीचं आपोआप. वजन कॅमेऱ्यापासून लांबच्या पायावर टाकायला सांगितलं की गुडघे सैल होतात आणि ताठरपणा जातो. उंचीत फार फरक असेल तर उंच व्यक्तीला पाय फाकवून उभं करा किंवा दोघांना पायरीवर बसवा. वाकून उभं राहायला सांगू नका.

सूचना देताना डावा-उजवा म्हणू नका. धास्तावलेल्या माणसाचा त्यात गोंधळ होतो, मग ‘तुमचा डावा, माझा नाही’ असं सुरू होतं. ‘झाडाकडचा हात’, ‘माझ्या बाजूचा खांदा’ म्हणा. त्यापेक्षा सोपं म्हणजे स्वतः करून दाखवणं. समोरासमोर उभे असताना ते आरशासारखी नक्कल करतात, हे धरून करायचं. बट सारायला किंवा हनुवटी वळवायला स्वतः हात लावू नका. जोडीदाराला सांगा, त्याचा एक छान फोटोही मिळतो.

चुंबनाचा फोटो लाजऱ्यांकडे मागूच नये. त्यांनीच आधी सांगितलं असेल तर ओठ टेकण्याआधीचं दोन सेंटीमीटर अंतर टिपा, कारण प्रत्यक्षात ओठ चेपून चेहरे विचित्र दिसतात. कानशिलावर किंवा कपाळाच्या कडेला टेकलेले ओठ जास्त चांगले दिसतात. कपाळाच्या मधोमध टेकले तर एकाचं नाक दुसऱ्याच्या डोक्यात हरवतं.

एक लाजतो, दुसरा नाही

दोघंही सारखेच लाजरे असणं त्यामानानं सोपं. कठीण असतं ते हौशी आणि लाजरा असं जोडपं, आणि हेच जास्त येतात. हौशी जोडीदार प्रेमापोटी दुसरा फोटोग्राफर बनतो: ‘अरे नीट हस ना’, ‘मान सरळ कर’, ‘बघ, तू नेहमी असंच करतोस.’ दर वाक्यागणिक दुसरा मिटत जातो. याचा बंदोबस्त आधीच, बाजूला घेऊन, गोड शब्दांत करावा लागतो: ‘आज त्यांना काय करायचं ते फक्त मी सांगणार. तुम्ही त्यांना हसवायचं नाही, त्यांच्याकडे बघत राहायचं.’ तरीही तोंडून निघालंच तर लगेच हौशीलाच एखादं अवघड काम द्या, उदाहरणार्थ डोळे मिटून जोडीदाराच्या शर्टाचा रंग आणि बटणं किती ते सांगायचं. टीका करणारा स्वतःच परीक्षेला बसतो आणि लाजणाऱ्याला त्या दिवसात पहिल्यांदा हसायला कारण मिळतं.

फ्रेममध्येही लाजणाऱ्याला थोडी आड द्या: तो बाजूनं, हौशी समोरून. दहा मिनिटांनी अदलाबदल करा, नाहीतर अल्बमभर एकाचाच चेहरा होतो.

स्क्रीन कधी दाखवायची

पहिल्या पंधरा मिनिटांत नाही. त्यानंतर एकच फोटो दाखवायचा, जो आधी तुम्ही बघून निवडलाय, ज्यात लाजणारी व्यक्ती चांगली दिसतेय आणि फ्रेम मोठी आहे, उजेड-वाट-झाडं सगळं आलंय. चेहरा झूम करून कधीच दाखवू नका. आरशाचा तो उलट-सुलटचा खेळ तिथे सगळ्यात जास्त टोचतो. चांगला फोटो पाहून पाठ सरळ होते, हे प्रत्यक्ष दिसतं. उलट चुकून एक वाईट फोटो दिसला, तर पुढचा सगळा वेळ ती व्यक्ती तेवढीच एक गोष्ट सुधारत बसते. दात दिसले म्हणून ओठ मिटून घेतले, की ते शेवटपर्यंत मिटलेलेच. म्हणून आपोआप फोटो दाखवणारा इमेज रिव्ह्यू बंद ठेवा आणि कॅमेरा त्यांच्या हाती देऊन स्क्रोल करू देऊ नका.

मध्येच बिनसलं तर

हसण्याचा झटका आला तर थांबवू नका, काढत राहा. डोळे सारखे मिटत असतील तर दोघांना मिटायला सांगा आणि तीन म्हटल्यावर उघडायला. उघडल्यानंतरच्या सेकंदात फोटो. माणूस एकदम थिजला तर कॅमेरा खाली ठेवा, पाणी द्या, जागा बदला. त्याच जागी समजूत घालत बसलं तर ती जागाच नकोशी होते. दोघांची कुरबूर झाली तर ‘मी त्या बाजूचा उजेड बघून येतो’ म्हणून पाच मिनिटं खरोखर लांब जा. मध्यस्थी करू नका आणि लांबून फोटोही काढू नका. एखादा माणूस रडवेला झाला किंवा आता नकोच म्हणाला तर शूट तिथे थांबवा आणि दुसरी तारीख द्या. ही अट करारात आधीच असावी, म्हणजे त्या क्षणी पैशांची चर्चा होत नाही.

फोटो पाठवताना

तासाभरात पाच-सहाशे फ्रेम होतात. त्यातले पन्नास-साठ द्यायचे. लाजऱ्या माणसाला जवळजवळ सारखेच बारा फोटो देऊ नका, तो त्यातला सगळ्यात वाईट शोधून काढतो. निवडताना आधी डोळे बघा, मग हात, हसू शेवटी.

शूट झाल्यावर चोवीस तासांत तीन ते पाच फोटो पाठवा. पूर्ण गॅलरीला तीन आठवडे लागणार असतील तर मधल्या काळात त्यांच्या मनात सगळे फोटो बिघडत जातात, आणि गॅलरी उघडताना ते दोषच शोधायला बसतात. एडिटिंगमध्ये पुरळ, ओरखडा अशा चार दिवसांत जाणाऱ्या गोष्टी न विचारता काढल्या तरी चालतं. तीळ, व्रण, खळी, दातांमधली फट यांना हात लावण्याआधी ज्याचं त्याला विचारा, जोडीदाराला नाही. अंग बारीक करणं तर मागितल्याशिवाय करूच नका. ते त्यांच्या लक्षात येतं, आणि ‘मी आहे तशी चांगली दिसत नव्हते’ एवढाच निरोप त्यातून पोचतो.

गॅलरी पासवर्ड लावून, डाउनलोडची सोय चालू ठेवून पाठवा, आणि नकोसे फोटो कायमचे काढून टाकायला सांगण्यासाठी त्यांना आठवडाभर द्या.